पन्नास शब्दांचे श्रुतलेखन

१९०१ साली ऑस्ट्रेलियाच्या नवजात संघराज्याने जो आप्रवासन-निर्बंध कायदा केला, त्यात प्रवेश नाकारण्याचा निकष म्हणून वर्णाचा उल्लेख कोठेही नाही. अधिकाऱ्याने युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा सांगावा आणि आगंतुकाने तो लिहून घ्यावा. लिहिता न आल्यास प्रवेश नाही. भाषा कोणती, हे मात्र अधिकाऱ्याने ठरवावयाचे, आणि तेही माणूस समोर उभा राहिल्यावर. इंग्रजी जाणणाऱ्या हिंदी वा चिनी माणसास दुसऱ्या एखाद्या युरोपीय भाषेतील उतारा सांगता येत असे. १९०९ नंतर या चाचणीत कोणीही उत्तीर्ण झाले नाही. १९५८ मध्ये ती रद्द झाली. शासनाने विशिष्ट प्रकारच्या स्थलांतरितांना झुकते माप द्यावे काय, हा प्रश्न बहुधा राज्यशास्त्राच्या वाट्यास जातो. येथे मात्र निवडीचे साधन एक भाषिक कृती आहे, आणि निवडीमागील हेतू संहितेत न लिहिता वाचनावर सोपविलेला आहे. साहित्यविचाराला त्याची दखल घेणे भाग आहे.

या युक्तीचे मूळ नाताळमध्ये आहे. तेथील १८९७ च्या कायद्याने आगंतुकाकडून युरोपीय भाषेच्या लिपीत स्वहस्ते लिहिलेला अर्ज मागितला. त्याच वर्षी लंडनला जमलेल्या वसाहतींच्या पंतप्रधानांना वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हाच कित्ता गिरविण्याचा सल्ला दिला. नको असलेल्यांना वगळावे, पण साम्राज्यातील हिंदी प्रजेला अपमानास्पद वाटेल अशी वर्णवाचक भाषा कायद्यात नसावी, असा त्यांचा आशय होता. म्हणजे वगळणे अभिधेने नव्हे, व्यंजनेने साधावयाचे. आनंदवर्धनाच्या परिभाषेत हा अविवक्षितवाच्य ध्वनी होय; त्यातही वाच्यार्थ अत्यंततिरस्कृत, कारण साक्षरता पारखण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. (या काव्याचा सहृदय रसिक म्हणजे बंदरावरील जकात अधिकारी, हे ध्वनिकारांना रुचले नसते.)

अशा कायद्याला मग भाषेची व्याख्याही सोयीनुसार करावी लागते. केप वसाहतीने १९०६ मध्ये यिडिश ही युरोपीय भाषा आहे असे आप्रवासन कायद्यातच मान्य केले आणि ज्यू आगंतुकांना वाट मोकळी झाली. याच्या उलट घडले ते १९३४ मध्ये सिडनीत. प्रागचा जर्मनभाषी लेखक आणि कम्युनिस्ट कार्यकर्ता एगॉन किश युद्धविरोधी परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात आला होता. त्याला अनेक युरोपीय भाषा अवगत होत्या, म्हणून त्याची चाचणी स्कॉटिश गेलिकमध्ये घेण्यात आली. ती घेणाऱ्याचेच त्या भाषेचे ज्ञान बेताचे होते. ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने निर्णय दिला की, कायद्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा नव्हे. किशची शिक्षा रद्द झाली. स्कॉटिश वंशाच्या अनेक ऑस्ट्रेलियनांना या निकालाचा राग आला, आणि तो समजण्यासारखा आहे. राज्याचा डाव उधळण्यासाठी त्यांच्या मातृभूमीच्या भाषेला युरोपाबाहेर जावे लागले होते.

ट्रान्सवालच्या लढ्यात १९०८ पासून गांधींनी लावून धरलेली मागणी या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावयास हवी. हिंदी माणूस हिंदी म्हणून कायद्याच्या अक्षरात वगळलेला नसावा. प्रत्यक्ष अंमलबजावणीत मात्र वर्षाकाठी सहाच सुशिक्षित हिंदी माणसांना प्रवेश मिळाला तरी चालेल, अशी ती भूमिका होती. १९११ च्या तात्पुरत्या तडजोडीतही हा सहाचा आकडा आहे. प्रथमदर्शनी हे चेंबरलेन यांचेच सूत्र गांधींच्या तोंडी आल्यासारखे दिसते. परंतु चेंबरलेन यांना समतेचे अक्षर हवे होते ते व्यवहारातील विषमता झाकण्यासाठी. गांधींना तेच अक्षर हवे होते ते त्या विषमतेविरुद्ध पुढे कधीतरी दाखला म्हणून वापरता यावे यासाठी. व्यवहार बदलता येतो, अक्षरातील अपमान मात्र साऱ्या समाजावर कोरला जातो. किशच्या खटल्यात न्यायालयाला पाय रोवता आला तो या अक्षरावरच. अर्थात किश युरोपीय होता, नामवंत होता, त्याच्यापाशी वकील होते. परत पाठविल्या गेलेल्या असंख्य आशियाई माणसांच्या वाट्याला अक्षराचा हा आधार आला नाही, आणि गांधींच्या भूमिकेतील दुबळा दुवा तो हाच.

दुसरा दुवा ‘सुशिक्षित’ या शब्दात आहे. नाताळच्या उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले. हेही शासनाचे झुकते मापच होते, पण ते हातांना होते, माणसांना नव्हते. करार संपल्यावर परत न जाणाऱ्या, नवा करारही न करणाऱ्या मजुरावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंडांचा कर लादला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ च्या दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात हा कर उठविण्याची मागणी केली. १९१३ च्या संपानंतर, १९१४ मध्ये तो उठला. त्या सहा जणांत गिरमिटियाला जागा नव्हती. मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये समाजाला आपले सदस्य निवडण्याचा अधिकार असल्याचे प्रतिपादन केले. पण ज्यांचे श्रम घ्यावयाचे त्यांना सदस्यत्वाची संधी नाकारता येणार नाही, ही अटही घातली. जोसेफ कॅरन्स यांनी १९८७ मध्ये तो अधिकारच शंकास्पद ठरविला. समृद्ध देशाचे नागरिकत्व ही त्यांच्या मते जन्माने मिळालेली सरंजामी सवलत होय. आपल्याकडे त्यास वतन म्हणता येईल. वॉल्झर यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, परंतु त्या अटीसह. अट वगळून त्यांचा हवाला देणे हे तीन पौंडांच्या कराचे समर्थन होय.

कॅनडाने १९६७ मध्ये गुणांक पद्धत आणली. शिक्षण, वय, भाषाज्ञान यांना गुण देण्याची ही रीत श्रुतलेखनाची वंशज मानणे अन्यायाचे होईल, कारण निकष आधी जाहीर असतो, त्याची तयारी करता येते आणि उत्तीर्णही होता येते. तरीही ती त्या सहा सुशिक्षितांचाच विस्तार आहे. ऊस तोडणाऱ्याला गुण कोठून मिळावेत?

भारताच्या २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तर ध्वनीला वावच नाही. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती आश्रितांचा त्यात नामनिर्देश आहे. छळ सोसून आलेल्यांना अग्रक्रम द्यावा, हा समर्थकांचा युक्तिवाद वजनदार आहे. निवडीचे याहून सबळ नैतिक कारण सापडणे कठीण. पण मग लक्षण छळाचे करावयास हवे होते. धर्माचे केल्याने पाकिस्तानातील अहमदिया आणि अफगाणिस्तानातील हजारा त्यातून सुटतात, आणि नैयायिक ज्याला अव्याप्ती म्हणतात तो दोष येतो. ती अनवधानाने आली असेल तर दुरुस्त करता येईल. हेतुपुरस्सर असेल, तर छळ हा त्या संहितेचा वाच्यार्थ आहे की तिरस्कृत वाच्यार्थ, याचे उत्तर समर्थकांनी द्यावयाचे आहे.