नव्वद रुपये

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. ओट्यावर वाळत घातलेले भोपळे, आत कानशीची किरकिर, भिंतीला टेकलेले तंबोरे, असं त्यांचं दुकान. ह्या गल्लीतले हात मुळात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे. एकोणिसाव्या शतकात ते तारेकडे वळले आणि तिथंच रमले.

नानांकडं एक वही होती. तंबोरा दुकानाबाहेर पडला की वहीत एक ओळ पडायची : गिऱ्हाइकाचं नाव, गाव, पट्टी. ‘काळी चार, सांगली’ एवढं वाचलं तरी नानांना तो गळा आठवायचा.

नातू शिकलेला. त्यानं नानांच्या सगळ्यात जुन्या तंबोऱ्याचा आवाज मोबाईलमध्ये भरायचं ठरवलं. मिरज जंक्शन जवळ, त्यामुळं रात्री दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत ध्वनिमुद्रण चालायचं. नाना घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढं सरकवायचे, केसभर मागं घ्यायचे. जवारी खुलली, तार झंकारायला लागली की मान हलवायचे, आणि मगच नातू बटण दाबायचा. अशा बऱ्याच रात्रींनंतर ॲप तयार झालं. वर्षाची वर्गणी ४९९ रुपये.

मग नियम वाचायची वेळ आली. आयफोनवरच्या ॲपमध्ये तंबोरा विकायला ठेवला, खराखुरा, भोपळ्याचा, तर ॲपल त्यातलं काही घेत नाही. कारण ती वस्तू. पण त्याच तंबोऱ्याचा आवाज विकला तर पैसे ॲपलच्याच खिडकीतून घ्यायचे आणि वाटा द्यायचा. हा वाटा २००८ साली दुकान उघडलं तेव्हापासून ३० टक्के. २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांनी अर्ज केला तर १५. “म्हणजे भोपळ्याला जकात माफ आणि सुराला लागू,” नाना म्हणाले. ह्यावर नातवाकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही.

नातवानं आयफोनवरची किंमत ५९९ केली. पंधरा टक्क्यांनी नव्वद रुपये जायचे, कर बाजूला ठेवला तर हातात ५०९ राहायचे. वेबसाइटवर मात्र ४९९च. पण “वेबसाइटवर स्वस्त आहे” हे ॲपमध्ये लिहायची सोय नव्हती. तशी ओळ किंवा दुवा टाकला, तर तपासणीत ॲप परत येतं.

सांगलीच्या एक गाणाऱ्या बाई जवारी काढून घ्यायला दुकानात आल्या. नातवानं त्यांना ॲप ऐकवलं. बाई हरखल्या. प्रवासात तंबोरा न्यायचा म्हणजे डब्यात भांडण. त्यांनी तिथंच पाटावर बसून मोबाईल चेहऱ्यासमोर धरला, पैसे गेले. नातू समोर होता. काही बोलला नाही.

महिन्याभरानं बाई परत आल्या, रागानंच. त्यांच्या शिष्येनं तेच ॲप ४९९ला घेतलं होतं. “नाना, तुमच्या दुकानात माझ्याकडून शंभर जास्त? वीस वर्षं येतेय मी.” त्यांच्या लेखी कंपनी वगैरे कुणी नव्हतंच, दुकान नानांचं होतं.

नातवानं सगळी कैफियत मांडली. भारतीय स्पर्धा आयोगानं २०२२ साली गूगलला प्ले स्टोअरच्या अशाच धोरणांसाठी ९३६ कोटींचा दंड केला, अपिलात तो २०२५ मध्ये २१६ कोटींवर आला. २०२४ च्या मार्चमध्ये शुल्काच्याच वादातून लग्न जुळवणारी आपली मोठमोठी ॲपं गूगलनं काढून टाकली आणि सरकार मध्ये पडल्यावर काही दिवसांत परत घेतली. अमेरिकेत न्यायालयानं २०२५ च्या एप्रिलमध्ये ॲपलची बाहेरच्या दुव्यांवरची आडकाठी मोडली, तेव्हा कुठं तिथल्या किंडलच्या ॲपमध्ये पुस्तकखरेदीकडं नेणारं बटण आलं. “मोठ्यांची ही गत, नाना. मी काय करणार? सांगायला बंदी आहे.”

नाना कानस खाली ठेवून म्हणाले, “बंदी कुठं आहे?”

“ॲपमध्ये.”

“बाई आल्या तेव्हा तू कुठं बसला होतास? त्या ॲपमध्ये का ह्या पाटावर?”

नातू गप्प. नियम तर एवढंही म्हणत नव्हता. गिऱ्हाइकानं स्वतःहून पत्ता दिला असेल, तर ईमेल करून दुसरीकडची किंमत कळवायला ॲपलनं २०२१ च्या ऑक्टोबरपासून मोकळीक दिलेली आहे. नातवाला ते ठाऊक होतं. वेबसाइटवर खर्च जाऊन त्याला नव्वद-शंभर जास्त मिळत होते असंही नव्हतं. मोबाईलवरून उलट दहा-वीस जास्तच पडत. खरं सांगायचं तर त्यानं हिशेबही केला नव्हता. सांगायचं नाही ही सवय ॲपमधून उठून जिभेवर येऊन बसली होती.

“आमच्या वेळी दलाल होते,” नाना म्हणाले. “तेही खायचे. पण गिऱ्हाईक दारात आलं की त्याला भाव मी सांगायचो.”

नातवानं बाईंच्या हातावर शंभर रुपये ठेवले. त्या नको नको म्हणाल्या, मग घेतले. नानांनी वही पुढं सरकवली. ॲप सुरू झाल्यापासून तिच्यात मोबाईलच्या एकाही गिऱ्हाइकाची ओळ नव्हती. त्या खिडकीतून पैसे येतात, नाव येत नाही. नातवानं पहिली ओळ लिहिली : बाईंचं नाव, सांगली, काळी चार, शंभर परत.

त्या दिवसापासून दुकानात पाटाच्या वर एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर दोन्ही किमती आणि मधल्या शंभरातले नव्वद कुणाला जातात ते खडूनं लिहिलंय.

वर्ष सरल्यावर बाईंनी पुन्हा मोबाईलवरच ५९९ भरले. वेबसाइटवर कार्डाचा नंबर घालायचा त्यांना कंटाळा, आणि नको झालं तर मोबाईलमधूनच बंद करता येतं, हे त्यांना बरं वाटतं. भरण्याआधी त्यांनी नानांना फोन करून तसं सांगितलं.