आधी गच्ची मोजा

ही शीट भिंतीवरून काढा आणि टेबलावर ठेवा. सगळे जवळ या. मला जे बोलायचं आहे ते एकट्या या गटासाठी नाही.

घोडबंदर रोडवर २८ मजल्यांचा टॉवर, चारी बाजूंनी काच, माथ्यावर निळे पॅनेल, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘वापरेल त्याहून जास्त वीज निर्माण करणारी इमारत’. हे वाक्य लिहिण्याआधी तुमच्यापैकी एकाने तरी हिशेब केला होता का? मी सगळी पानं उलटली. एक आकडा सापडला नाही.

मग आता करा, माझ्यासमोर. मजल्यावर ४ घरं, म्हणजे ११२ घरं. घरामागे महिन्याला २०० युनिट धरा, एसी असेल तर तेही पुरणार नाहीत. वर्षाचे झाले २,६८,८०० युनिट. लिफ्ट आणि पंप यात नाहीत. आता गच्ची. तुमच्याच नकाशात ती ४५० चौरस मीटर आहे. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिना, आगीच्या वेळी माणसं जमण्यासाठी मोकळी ठेवायची जागा वजा करा. २५० उरतील. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि आपल्याकडे पावसाळा धरून त्यातून वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट मिळतात. म्हणजे २५ किलोवॉट, ३५,००० युनिट. गरजेच्या १३ टक्के! बाकीचे ८७ टक्के कुठून येणार होते? ‘जास्त’ हा शब्द लिहिताना हात अडखळला कसा नाही?

याहून मोठी चूक खिडक्यांत आहे. सगळ्या दिवाणखान्यांचं तोंड येऊरच्या डोंगराकडे, कारण ‘हिल व्ह्यू’ला भाव मिळतो. घोडबंदर रोडवरून डोंगर कुठे आहे? पश्चिमेला. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. तापतं ते छत, सकाळी पूर्वेची भिंत आणि तीननंतर पश्चिमेची. उतरतं ऊन आडव्या छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. हे पहिल्या वर्षाला शिकवलेलं आहे. तुम्ही तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच लावलीत. मग घर तापलं म्हणून एसी आला, एसीला वीज हवी म्हणून पॅनेल आले, आणि या सगळ्याला तुम्ही पर्यावरणाचा विचार म्हणता! डोंगर दाखवायचाच आहे ना? मग खोल गॅलरी द्या, उभ्या फळ्या द्या, खिडकी लहान करा. घरात भिंती-खिडक्यांतून किती उष्णता शिरावी याला २०१८च्या इको निवास संहितेने मर्यादा घातली आहे, चौरस मीटरला सरासरी १५ वॉट. तुमच्या इमारतीचा हा आकडा काढलात? तोही नाही.

संदर्भाच्या पानावर रोल्फ डिश यांचं १९९४चं फ्रायबुर्गमधलं हेलिओट्रोप. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा निर्माण करणारी जगातली पहिली इमारत म्हणून ते ओळखलं जातं. त्याचं चित्र डकवलंत, पण ते वाचलंत का? ते घर सूर्यामागे फिरतं, कारण तिथल्या थंडीत काचेतून ऊन आत हवं असतं. उन्हाळ्यात तेच घर बंद पाठ सूर्याकडे करतं. तुम्ही काच उचललीत आणि पाठ सोडून दिलीत.

जर्मनी राहू द्या. २०१४ साली आयआयटी मुंबई आणि अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरच्या मुलांनी ‘टीम शून्य’ या नावाने एक सौर घर बांधून व्हर्सायच्या सोलर डेकॅथलॉन स्पर्धेत नेलं. तुमच्याच वयाची मुलं होती. तिथे वीज मीटरवर मोजतात, रेंडर पाहून गुण देत नाहीत. आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं ‘शून्य प्लस’ मानांकनही वर्षाच्या वापरातून निर्मिती वगळल्यावर वजा आकडा मागतं. त्याआधी गरज कमी करावीच लागते. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तिसेक. पॅनेल विकत घेण्याआधी ही वजाबाकी का केली नाहीत?

आता मला सांगा, विषय निवडताना एकालाही डोंबिवली का दिसली नाही? रोज तिथूनच लोकल पकडून येता ना? चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी इमारत घ्या. १६ घरं, महिन्याला १५० युनिट, वर्षाला २८,८००. गच्चीवर २०० चौरस मीटर मोकळे मिळाले तर २० किलोवॉट, २८,००० युनिट. तोंडमिळवणी इथेच होत आली! पंखे बदला, पश्चिमेला सावली करा, की शिल्लक पडायला लागते. गळती थांबवायला कितीतरी सोसायट्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे. ती कोसळू न देता तिच्यावर पॅनेल कसे बसवायचे, सांगाड्यावर वारा आणि वजन किती येईल, हा खरा वास्तुरचनेचा प्रश्न आहे आणि तो तुमची वाट पाहतोय. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. पाणी तापवणारी सौरयंत्रं ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी नव्या इमारतींना केव्हाच सक्तीची केली. त्यांतली किती आज चालू आहेत, हे एकाही गटाने जिना चढून पाहिलं नाही. परवानगीपुरतं बसवलेलं यंत्र बंद पडतं, तेव्हा ते कुणीतरी असंच विचार न करता काढलेल्या नकाशातलं असतं.

मला चिडायला आवडत नाही. पण तुम्ही काढलेल्या घरात माणसं ५० वर्षं राहणार आहेत, आणि त्यांचं बिल त्यांना भरायचं आहे.

ही शीट मी तपासणार नाही. सोमवारी प्रत्येक गटाने एका जुन्या इमारतीचं मोजमाप आणायचं: गच्चीचा नकाशा, टाक्यांच्या सावल्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारच्या, रहिवाशांची परवानगी घेऊन १२ महिन्यांची बिलं. घराघराचे मीटर वेगळे असतात, तेव्हा गच्चीवरची वीज कुणाच्या बिलात कशी वळती होते, ते महावितरणच्या नियमांत वाचून लिहून आणा. रेंडर आणलेत तर परत पाठवीन.