मिस्त्री निवडताना

स्वयंपाकघराचा ओटा, त्याखालच्या ट्रॉल्या आणि भिंतीवरची कपाटे कुणाकडून करून घ्यावीत, हा विषय वार्षिकांकात मांडण्यासारखा आहे काय, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला वाटते, आहे. रोजा, जकात, तलाक यांविषयी आपण मौलानांना विचारतो. हजला निघालेला माणूस लोकांची देणी फेडून, माफी मागून जातो. पण घराचे काम काढले की दोन-तीन महिन्यांत माणूस जेवढे सौदे करतो आणि त्या सौद्यांत जेवढे खरे-खोटे बोलतो, तेवढे एरवी दोन-तीन वर्षांत बोलत नसेल. त्या वेळी मात्र कुणी कुणाला मसला विचारत नाही. तिथे फक्त भाव विचारतात.

किनवटमध्ये सध्या ज्याला त्याला स्वयंपाकघर नवे करायचे आहे. घरकुलात राहणाराही ओट्याखाली दोन ट्रॉल्या बसवतो. पूर्वी शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा आणि मातीच्या फळ्या एवढ्यात काम भागे. हे दोन्ही दगड गावांच्या नावाने ओळखले जातात. आता त्यांच्या जागी करीमनगरकडचा ग्रॅनाइट आला. काम देण्याचे रस्तेही तीन झाले. गावातला सुतार किंवा परप्रांतातून येऊन इथे राहिलेला कारागीर, हा एक. नांदेडच्या दुकानातून तयार 'मॉड्युलर' मागवायचे, त्यांचा माणूस माप घेऊन जातो आणि दुसरा माणूस येऊन बसवतो, हा दुसरा. तिसरा आदिलाबादचा. १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे सोयरिकी जशा अजून दोन्हीकडे आहेत तसा बाजारही आहे.

तिन्ही ठिकाणी भाव काढले की पहिला गोंधळ मापाचाच. एकजण रनिंग फुटाने सांगतो, दुसरा चौरस फुटाने. चौरस फुटातही कुणी फक्त समोरच्या शटरचे माप धरतो, कुणी आतल्या पेटीचेही. प्लायमध्ये साधा एम.आर. आणि पाण्याला टिकणारा मरीन, म्हणजे आय.एस. ७१० चा, यांत किमतीचा मोठा फरक. ७१० च्या प्लायची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. सिंकखाली साधा प्लाय लावला तर काही पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. पण सनमाईका चिकटवल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. स्टीलच्या ट्रॉलीचेही तसेच. ३०४ नंबरचे स्टील महाग, २०२ चे स्वस्त. लोहचुंबक लावून पाहण्याची जी युक्ती लोक सांगतात ती इथे कामाची नाही, कारण चुंबक सहसा दोघांनाही धरत नाही. चिंच, मीठ आणि ओल यांच्या संगतीत २०२ लवकर गंजते, तेव्हा कळते. म्हणजे घेणारा आंधळा आहे आणि देणारा डोळस. म्हणून सगळे एकच विचारतात, "ईमानदार मिस्त्री कोण आहे?"

हा प्रश्न योग्यच आहे. पण मिस्त्री लोक आपसात बसतात तेव्हा तेही विचारत असतील, ईमानदार गिऱ्हाईक कोण आहे? सूरह मुतफ्फिफीन माप मारणाऱ्यांबद्दल आहे हे आपण मुलांना शिकवतो. त्यात दोष ज्याला दिला आहे तो माणूस स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेतो आणि देताना कमी देतो. ही आयत वर्गात शिकवताना तराजू घेतलेला दुकानदारच डोळ्यांसमोर येतो. घर बांधणारा माणूस येत नाही.

गिऱ्हाईक माप कुठे मारते, ते सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका घरी एका कारागिराला बोलावले. त्याने दोन तास बसून माप घेतले, कोपऱ्यातली वाया जाणारी जागा कशी वापरायची ते सुचवले, गॅसची नळी कुठून न्यावी ते सांगितले आणि वहीच्या पानावर नकाशा काढून दिला. घरच्यांनी त्याला चहा पाजला. मग तोच कागद दुसऱ्याला दाखवून म्हटले, "हेच काम, याच्यापेक्षा किती कमीत करतोस?" काम दुसऱ्याला गेले. पहिल्याला कुणी कळवलेसुद्धा नाही. यात कुणाला काही चुकले असे वाटत नाही. उलट व्यवहारचातुर्य म्हणून चार घरी सांगतात. भावाच्या सौद्यावर सौदा करू नये, खरेदीची नियत नसताना बोली वाढवून कुणाला फसवू नये, या हदीस जुम्म्याच्या बयानात आपण ऐकलेल्या असतात. तीन ठिकाणी भाव विचारणे हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे, त्यात वाईट काही नाही. पण कारागिराचा विचार, त्याचा नकाशा हीसुद्धा त्याची मेहनत आहे. ती फुकट उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल तर आधी तिची किंमत द्यावी. "भाव तीन ठिकाणी विचारणार आहे, नकाशाचे पैसे वेगळे सांग" एवढे आधी म्हटले तर कुणाचे बिघडत नाही.

आता मूळ मुद्दा. कारागिराला सांगून, त्याच्याच मालातून वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. माल आपला आणि मजुरी तेवढी त्याची असेल तर तो इजारा. आपल्याकडे मिस्त्री पहिल्याच भेटीत विचारतो, "माल तुमचा का माझा?" तेव्हा त्याने शतकांपूर्वीच्या फकीहांचीच वाटणी केलेली असते. जी वस्तू अजून अस्तित्वात नाही तिचा सौदा होत नाही, हा सर्वसाधारण नियम. त्या कियासाने इस्तिस्ना नाजायज ठरला असता. पण लोक जोडे, भांडी अशीच सांगून बनवून घेत आले होते, त्यावाचून चालत नव्हते, म्हणून हनफी फकीहांनी इस्तिहसानाच्या आधारे त्याला जायज मानले. खुद्द मस्जिद-ए-नबवीचा मिंबर बनवून घेतलेला होता. एका अन्सारी स्त्रीकडे सुतारकाम जाणणारा गुलाम होता, त्याच्याकडून तो करून घेतला आणि लाकूड गाबाच्या रानातल्या झाऊचे होते, असे सहीह बुखारीत आले आहे.

तर अशी सांगून बनवलेली वस्तू तयार झाल्यावर गिऱ्हाइकाने नाकारली तर? इमाम अबू हनीफा (वफात हिजरी १५०, इ.स. ७६७) यांचे मत असे की वस्तू पाहीपर्यंत गिऱ्हाइकाने ती पाहिलेलीच नसते, म्हणून पाहिल्यावर घेण्या-नाकारण्याचा अधिकार त्याला आहे. त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ (वफात हिजरी १८२, इ.स. ७९८), जे हारून रशीदच्या काळात काझी-उल-कुजात होते, त्यांनी वेगळे सांगितले. ठरल्या वर्णनाप्रमाणे वस्तू बनली असेल तर ती घ्यावीच लागेल, कारण कारागिराने आपला माल तिच्यासाठी कापून टाकला आहे आणि दुसरा कुणी ती तेवढ्याच किमतीला घेईल याचा भरवसा नाही. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' हा दिवाणी कायदा तयार झाला, त्याच्या कलम ३९२ मध्ये हेच दुसरे मत घेतले आहे.

उस्तादाचे मत मोठे की शागिर्दाचे, हे ठरवणारे आम्ही कोण? पण स्वयंपाकघराच्या बाबतीत आमचे मन अबू यूसुफ यांच्याकडे जाते. जोडा एकाला झाला नाही तर दुसऱ्याच्या पायात बसेल. नऊ फूट चार इंचांच्या भिंतीसाठी कापलेली शटरे दुसऱ्या कुठल्या घरात बसणार? आमच्याच गल्लीत एका घरी काम पुरे होत आले असता मालकाने म्हटले, रंग दुकानात वेगळा दिसत होता, आता नको. नमुन्याच्या तुकड्याशी रंग जुळत होता. बदलले होते ते मालकाचे मन. त्याच्या मेहुण्याने वेगळा रंग लावून घेतला होता. मिस्त्रीने ती शटरे हातगाड्यावर घालून नेली. पुढे बरेच दिवस ती त्याच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकून उभी होती. जाणारे-येणारे म्हणत, याचा माल परत येतो. म्हणजे पैसे गेले आणि नावही गेले.

ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ ला आला, नवा २०१९ चा आहे. फसलेल्या गिऱ्हाइकाला जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि ते चांगलेच आहे. फसलेल्या मिस्त्रीला त्या दारातून आत जाता येत नाही. त्याच्यासाठी दिवाणी कोर्ट, वकील आणि तारखा. बारा-पंधरा हजारांसाठी कोण जातो? म्हणून तो आधीच बयाणा जास्त मागतो, आपण त्याला लोभी म्हणतो, बयाणा कमी देतो, तो कमी बयाण्यात हलका प्लाय आणतो. हे चक्र कुणी सुरू केले ते सांगता येत नाही, पण थांबवायला सुरुवात ज्याच्या हातात पैसा आहे त्याने करावी असे आम्हाला वाटते.

कमिशनचेही असेच आहे. मिस्त्री आपल्याबरोबर प्लायच्या दुकानात येतो, "हाच घ्या" म्हणतो आणि दुकानदार मागाहून त्याच्या हातात काही ठेवतो. आपण त्याला सल्लागार म्हणून नेले असेल तर तो आपला वकील झाला, अमीन झाला. अशा वेळी लपवून घेतलेला पैसा खियानतच आहे, त्यात आम्हाला शंका नाही. मात्र मजुरी ठरवताना त्याला आपण इतके खाली दाबलेले असते की त्या कमिशनशिवाय त्याचे घर चालू नये, हेही खरे. उघड मजुरी पुरी द्यावी आणि दुकानातले जे काही असेल ते समोर बोलून घ्यावे. कच्च्या बिलाबद्दल फार लिहीत नाही. जीएसटी वाचवतो म्हणून दुकानदार चिठ्ठीवर माल देतो आणि उद्या प्लाय सुटला की त्या चिठ्ठीला कुणी ओळखत नाही.

किनवटच्या माणसापुढे आणखी एक प्रश्न येतो, जो नांदेडच्या माणसापुढे तितका येत नाही. तो सागवानाचा. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना सागाचे रान आहे. चौकटीसाठी, फळ्यांसाठी लाकूड पाहिजे म्हटले की कुणीतरी हळूच सांगतो, अर्ध्या भावात मिळेल, रात्री आणून टाकतो. वनखात्याचा वाहतूक पास नाही, हातोड्याची निशाणी नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ चा, त्याच्या कलम ६९ प्रमाणे वनोपजाच्या मालकीचा प्रश्न निघाला तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारची मानली जाते. कायद्याचे सोडा. ज्याने ते झाड तोडले आणि अंधारात खांद्यावर आणले, तो बहुधा एखाद्या पाड्यावरचा गरीब असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना तेंदूपत्ता, बांबू, मोह यांवर हक्क दिला, इमारती लाकडावर नाही. पकडला जातो तो हाच, त्याच्या वाट्याला पैसेही सर्वांत थोडे. ज्याच्या स्वयंपाकघरात ते लाकूड बसते त्याला कुणी विचारत नाही. लोक म्हणतात, आपण कुठे तोडले? झाड तर आधीच पडले होते. चोरीचे आहे हे माहीत असून घेणारा त्या चोरीत वाटेकरी असतो, अशी आमची समजूत आहे. भाव निम्मा का आहे, हे विचारायचे टाळणे म्हणजेही माहीत असणेच. ज्या फळीवर रमजानमध्ये इफ्तारीचे डबे ठेवायचे ती तरी पासाची असावी.

'आपला माणूस' हाही एक मोठा निकष. मिस्त्री आपल्या जमातीचा, किंवा साडूचा भाऊ. आपल्या माणसाला काम द्यावे, त्याचे घर चालावे, ही भावना चांगली आहे, विशेषतः जिथे कामच थोडे आहे तिथे. पण आपल्या माणसाशी आपण लेखी काही करीत नाही आणि पुढे बोलणे बंद होते ते त्याच्याशीच. सूरह बकरहची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, ही मुदतीच्या देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याबद्दल, साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये असा तिचा आशय. त्यात नातेवाइकांना सूट दिलेली नाही. आपल्याकडे मात्र कागद काढला की समोरचा म्हणतो, "भरोसा नहीं क्या?"

आमच्या घरी सध्या हेच काम चालू आहे. गावातलाच मिस्त्री धरला, जातीने सुतार. आमच्या नात्या-जमातीचा नाही. कागदावर प्लायचा नंबर, स्टीलचा नंबर, सनमाईकाच्या नमुन्याचा तुकडा टाचून, पैसे किती हप्त्यांत आणि कशानंतर, हे लिहून दोघांनी सह्या केल्या. ठरल्याप्रमाणे काम झाले तर रंग आवडला नाही म्हणून परत करता येणार नाही, हेही आम्ही लिहायला लावले. त्यावर तो जरा चकित झाला. त्याच्या बाजूचे कलम गिऱ्हाईक लिहिते हे त्याने पूर्वी पाहिले नव्हते. शेवटचा हप्ता ट्रॉल्या बसवून झाल्या त्याच संध्याकाळी द्यायचा, घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची हदीस आहे तशी.

सगळ्यांची मापे घेऊन झाल्यावर अम्मी म्हणाली, "दीवार नापरे सब, मेरे कू कोन नापरा?" मिस्त्रीने टेप काढली, अम्मीला भिंतीशी उभे केले आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घेतले. नांदेडच्या दुकानातला ओटा चौतीस इंचांचा येतो. आमचा एकतीसचा होतो आहे.