सभेस न जाण्याचा हक्क

सभेला न जाण्याचा हक्क मनुष्याला आहे काय? प्रश्न वरवर पोरकट दिसतो. कीर्तनाला, व्याख्यानाला, फार काय, सोयऱ्याच्या मुंजीलाही न जाण्याची ज्याला मोकळीक आहे, त्याला कंपनीच्या सभेला ओढून नेणारा कोण? परंतु १९५८ सालीं इंग्लंडांत हाच प्रश्न न्यायासनापुढें आला. एल सॉम्ब्रेरो या लहानशा कंपनीचे हजार भाग होते. नऊशें एकाचे, व उरलेले दोघां संचालकांचे, पन्नास-पन्नास. नऊशेंच्या धन्यास या संचालकांना दूर करावयाचें होतें. सभेला निदान दोन सभासद हवेत, असा नियम. संचालकांनीं वाद घातला नाहीं, भांडण केलें नाहीं. ते नुसते सभेला आले नाहींत! कोरम होईना, आणि दहांत नऊ हिस्से ज्याचे तो रिकाम्या खुर्च्यांपुढें हतबल झाला.

न्यायालयानें सभा बोलाविण्याचा हुकूम दिला व एकच सभासद हजर असला तरी ती सभाच समजावी, असें ठरविलें. तसा अधिकार १९४८ च्या तिकडील कायद्यानें त्यास दिला होता. त्यापूर्वीं ग्रेट कॅराडन खाणीच्या सभेला एकच भागधारक आला, अध्यक्ष झाला, ठराव केले आणि अध्यक्षांचे, म्हणजे स्वतःचेच, आभारही मानले. ही सभाच नव्हे, असा निकाल १८७६ सालीं झाला होता. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ९८ व्या कलमान्वयें, रीतसर सभा भरविणें अशक्यप्राय झाल्यास न्यायाधिकरणाला एका सभासदाची सभा मान्य करतां येते.

मग कोरम ही दुबळ्याची ढाल न्यायालयानें हिसकावून घेतली काय? मला तसें वाटत नाहीं. १९९७ सालीं रॉस विरुद्ध टेलफर्ड या खटल्यांत दोन्ही पक्षांचे हिस्से समसमान होते. तेथें अपील न्यायालयानें असा हुकूम नाकारला. उभयतांनीं आरंभींच पत्करलेला तो तोल होता, आणि एकाची गैरहजेरी त्या कराराचेंच रक्षण करीत होती. एल सॉम्ब्रेरोच्या संचालकांस असें वचन कोणीं दिलें होतें? वाटणीच्या बोलण्याला बसावयाचेंच नाहीं, म्हणून दारीं उभा न राहणारा, पण सबंध वाडा वापरणारा भाऊ आपण पाहिलेला आहे. संचालक तर दुसऱ्याच्या मालाचे विश्वस्त. विश्वस्तानें आपली गादी राखण्यासाठीं घरीं बसणें, ही कृतीच होय, अकृति नव्हे. शिवाय त्या हुकुमानें दोघांना सभेची बंदी केली नव्हती. येऊन आपल्या शंभर मतांचा विरोध इतिवृत्तांत नोंदविण्यास त्यांना पूर्ण मोकळीक होती.