एक इनपुट की दोन?

घरी रेकॉर्डिंग करायचं ठरवलं की माइकसोबत ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागतो. माइकमधून येणारा क्षीण विद्युत संकेत मोठा करायचा, त्याचे आकडे करायचे आणि यूएसबीतून कॉम्प्युटरला द्यायचे, एवढंच त्या डबीचं काम. पैसे बेताचे असतील तर गाडी एका प्रश्नाशी येऊन अडते. बेहरिंगरच्या यूएम२ला किंवा फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला माइक एकच लागतो. दुसरं इनपुट गिटारसारख्या वाद्यासाठी. स्कार्लेट टूआयटूला दोन माइक लागतात, पण खिसा आणखी हलका होतो.

बाकीच्या आकड्यांवर डोकं शिणवू नये. सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर चालायची, स्वस्तातली डबीही तेवढं करते. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर आहे ना, ते पाहावं. पण सात रस्त्याला राहणाऱ्याने कंडेन्सरच्या वाटेला जाऊच नये. सातही रस्त्यांचे हॉर्न गाण्यात येतात. साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरावा आणि भिंतींवर दोन सोलापुरी चादरी टांगाव्यात. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, रस्ता नाही.

इनपुटचं मात्र तसं नाही. तो प्रश्न दिसतो पैशाचा, पण एक इनपुट घेताना आपण गाणारा माणूस एकच आहे असं गृहीत धरलेलं असतं. मला रेकॉर्ड करायच्या आहेत आत्याच्या ओव्या. आत्या पहिली ओळ टाकते, शेजारच्या मावशी दुसरी उचलतात. एकटीला म्हणायला सांगितलं की आत्या अडते. मग या ओव्या ‘आत्याच्या’ कशा?

आपल्याकडचं बरंचसं गाणं असंच आहे. शाहिरामागे झीलकरी, कीर्तनकारामागे टाळकरी. बार्शीचे शाहीर अमर शेख आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचं नाव राहिलं. झील धरणाऱ्यांची नावं किती जणांच्या तोंडी असतात? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या काही ऐकायला मिळतात, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. दळताना बऱ्याचदा दोघी समोरासमोर बसायच्या. ओवी एकीकडून दुसरीकडे जायची. अशा गाण्यात ‘मुख्य आवाज कोणता’ हा प्रश्न माइकवाल्याला पडतो, गाणाऱ्यांना नाही.

म्हणून दोन इनपुट घ्यावेत, म्हणजे न्याय झाला? इथे मी बराच घुटमळलो. दोघींच्या मध्ये एकच माइक ठेवला तर कोणाचा आवाज किती, हे त्या दोघीच ठरवतात. मावशींना वाटलं तर त्या पुढे सरकतील, आत्या आवाज चढवेल. दोन माइक लावले की दोन वेगळे ट्रॅक होतात, आणि तो निर्णय रात्री लॅपटॉपसमोर एकटा बसलेला मी घेतो. मावशींचा आवाज थोडा चिरका आहे. एका बोटाने तो खाली करता येतो, आणि त्यांना कळणारही नाही. म्हणजे महागड्या डबीने मावशींना माइक दिला आणि त्याची दोरी माझ्या हातात ठेवली.

तरी मी दोनच घेणार आहे. मधल्या एका माइकला थोडं दूर ठेवावं लागतं, आणि आमच्या घरात दूर म्हणजे रस्त्याच्या जवळ. शिवाय एका ट्रॅकमध्ये दबलेला आवाज नंतर धड वर काढता येत नाही; दोन ट्रॅकमध्ये मी केलेला अन्याय निदान दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो. पण त्यासाठी तो कोणीतरी पकडायला हवा, आणि तो मावशींनीच पकडलेला बरा. अपलोड करण्याआधी दोघींना एकत्र बसवून ऐकवायचं, ‘माझा आवाज वाढव’ म्हणाल्या तर वाढवायचा, गाण्याचा तोल बिघडतोय असं मला वाटलं तरी.

अडचण एवढीच की या छोट्या डब्यांना हेडफोनचं सॉकेटही एकच असतं. हेडफोन स्प्लिटर स्वस्तात मिळतो, आवाज जरा कमी येतो. तो त्याच ऑर्डरमध्ये टाकला आहे.