काम दिले, अधिकार दिला का?

मंडळीत काम वाटून देणे सोपे. त्यासोबत अधिकार देणे कठीण. इथ्रोच्या सल्ल्याने मोशेने हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर नायक नेमले (निर्गम 18). लहान वादांचा निकाल तेच देत. कठीण तेवढे मोशेपुढे येत.

यरुशलेमेत ग्रीकभाषी विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा शिष्यांनी सात जण निवडले (प्रेषितांची कृत्ये 6). सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हाती वाटणी आली! प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. स्वतः वचनाची सेवा सांभाळली.

खजिनदार नेमून प्रत्येक रुपयासाठी त्याला दारात उभे करणे ही शिस्त नव्हे. हिशेब जरूर घ्यावा. पण माणूस पारखावा नेमण्यापूर्वी, आणि नेमल्यावर त्याच्यावर विश्वास टाकावा.