संथ संकट आणि कीर्तनाचा फड

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला निघाली आणि देशभर बातमी झाली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी. पण त्याआधीच्या कित्येक वर्षांत बोअर दोनशे फुटांवरून चारशेवर गेले, चारशेवरून आणखी खाली गेले, त्याची बातमी कुठे झाली? मराठवाड्याच्या काळ्या कातळात पाणी मुळात थोडंच साठतं. उपसा मात्र वर्षागणिक वाढत गेला. गाडी आली तो दिवस संकटाचा शेवटचा अंक होता. आधीचे सगळे अंक रिकाम्या प्रेक्षागृहात झाले.

अमेरिकेतील अभ्यासक रॉब निक्सन यांनी २०११च्या आपल्या पुस्तकात अशा आपत्तींना ‘संथ हिंसा’ म्हटलं. भूकंप, पूर डोळ्यांना दिसतात. कर्ज, व्यसन, नापीक होत जाणारी जमीन, खाली जाणारी पाणीपातळी यांना दिसण्याजोगा चेहराच नसतो. त्यांना चेहरा द्यायचा तर काळ उलगडून दाखवणारी कला हवी. माझं म्हणणं असं, की ती कला आपल्याकडे आहे: एक माणूस उभा राहून बोलतो, मधेमधे गजर होतो, आणि समोरचा गाव स्वतःच्याच घराची गोष्ट ऐकतो.

गाडगेबाबांनी कीर्तनाचं हे बळ ओळखलं होतं. १८७६ साली शेंडगावात जन्मलेल्या बाबांचे (मूळ नाव डेबूजी) वडील दारूपायी गेले. मामाकडे दापुऱ्याला वाढताना सावकाराच्या हाती शेत कसं जातं तेही त्यांनी पाहिलं. दोन्ही संकटं एका रात्रीत आलेली नव्हती. म्हणूनच त्यांच्या कीर्तनात उपदेशाआधी प्रश्न येत. कर्ज कशासाठी काढलं? लग्नासाठी. लग्नात खर्च कशावर झाला? पुढे नवस, बोकड, दारू, व्याज, गहाणखत. उत्तरं लोकांनीच द्यायची. एकेक उत्तर साधं, पण ती ओळीने आली की माणसाला कळे: आपलं शेत एका दिवसात गेलं नाही, ते आपण दहा वर्षं हप्त्याहप्त्याने घालवत होतो.

मग गजर. हे संगीत केवळ विसाव्यासाठी नसतं. आपली चूक एकट्याने ऐकली की माणूस मान खाली घालून घरी जातो. शेजाऱ्याबरोबर एका तालात टाळी वाजवली की ती चूक साऱ्या गावाची होते, आणि गावाची झाली तरच तिच्यावर उपाय निघतो. बोलणं हिशेब मांडतं, लय तो सोसायचं बळ देते. ८ नोव्हेंबर १९५६ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं बाबांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आहे. ते ऐकताना प्रश्न, उत्तर आणि गजर यांची ही वीण आजही कानाला कळते. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लोक रडतात, माना डोलावतात आणि सकाळी होते तिथेच असतात. संगीताने दुःख हलकं होतं आणि कामाची निकडही हलकी होते, हा धोका खराच. बाबांनी त्याला कृतीने उत्तर दिलं. रात्री बोलायचं त्या गावात दिवसा आधी खराटा चालवायचा. मिळालेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी घर मात्र बांधलं नाही. बोलण्यामागे काम असलं, की गजर सांत्वनापाशी थांबत नाही.

आज सप्त खंजिरी वाजवत गावोगाव फिरणारे सत्यपाल महाराज व्यसन आणि अंधश्रद्धेवर तसंच बोलतात. पण पाण्यावर, मातीवर, पीककर्जावर असं बोलणारे फड हवेत तितके नाहीत. हरिनाम सप्ताह मात्र गावोगाव होतात. मंडप असतो, मृदंग असतो, सारा गाव जमलेला असतो.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ते आकडे कागदावरच राहतात. माझी कीर्तनकारांना आणि सप्ताह भरवणाऱ्या मंडळींना कळकळीची विनंती आहे: सातातली एक रात्र गावाच्या पाण्याला द्या. विहिरीची दहा वर्षांची पातळी फडावर वाचा, प्रत्येक आकड्यानंतर गावाला कारण विचारा, मग गजर करा. आणि त्याच दिवशी सकाळी गावाने ओढ्यातला गाळ उपसलेला असू द्या.